आईसाठी उन्हाची खोली

२ ऑगस्ट, शनि.

शेखरचा फोन झाला आणि डोकं फिरलं. धाकटा भाऊ, पण बोलतो असा की मीच शेंडेफळ. 'ताई, मार्चमध्ये ऑफिसच्या कामाला तिकडे येतोय, परत येताना आईला घेऊन येईन. पुण्यात गच्ची आहे, ऊन आहे, चार माणसं आहेत बोलायला. तिथे इंग्लंडात, कॉव्हेंट्रीत तिला काय आहे?'

काय आहे म्हणजे? मी आहे.

आईला विचारलं. ती मेथी निवडत होती. 'तुम्ही दोघं काय ते ठरवा. मला आपलं ऊन मिळालं की झालं.' बाबा गेल्यावर इकडे आली तेव्हापासून दर हिवाळ्यात हेच वाक्य ऐकतेय. या वर्षी ऑगस्टमध्येच सुरू झालं. त्र्याऐंशी वय. एकदा गेली की परत येणं नाही. हे तिला कळतं, मला कळतं, शेखरला तर चांगलंच कळतं.

नवऱ्याला म्हटलं, मागे कॉन्झर्व्हेटरी करू या, काचेची खोली. आईला उन्हात बसायला. मिलिंद (इथून पुढे मि.) टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला, 'दिवाळीच्या आत होईल.' माणूस आशावादी आहे, म्हणूनच माझ्याशी लग्न केलं असावं.

६ ऑगस्ट, बुध.

कंपनीचा सेल्समन आला. टाय, टॅब्लेट, घरभर सेंटचा वास. पांढऱ्या प्लास्टिकच्या फ्रेम्स, खाली विटांची बुटकी भिंत, वर काचेचं छप्पर. किचनचं मागचं दार निघणार, तिथे नवं दुहेरी दार. मि.ने विचारलं, थंडीत फ्रीज होतो का, उन्हाळ्यात भट्टी होते का. सगळ्याला एकच उत्तर: 'नॉट विथ द न्यू ग्लास, सर.'

मग आईकडे बघून म्हणाला, 'लो थ्रेशोल्ड फॉर मम?' म्हणजे दाराखालची पट्टी जमिनीला सपाट, पाय अडकायला नको. आईला समजावून सांगितलं. तिने चष्मा पदराला पुसला.

'म्हणजे उंबराच नाही? मग घर कुठे संपलं नि बाहेर कुठे सुरू झालं, कळायचं कसं? शुक्रवारचं हळदकुंकू कशाला वाहू, फरशीला?'

हे ऐकलं आणि मला इतकं बरं वाटलं. म्हणजे तिने मनात स्वतःला त्या दाराशी उभं केलं होतं, हातात हळदकुंकवाची कोयरी घेऊन. मला तेवढंच हवं होतं. सेल्समनला म्हटलं, नेहमीचंच दार द्या, उंबऱ्याचं. आमच्यात उंबऱ्याला काय महत्त्व असतं, त्यावर पाय देत नाहीत वगैरे पाच मिनिटं लेक्चरही दिलं त्याला. 'लव्हली,' म्हणाला आणि टिक केलं.

शेखरला मेसेज टाकला: आईसाठी उन्हाची खोली बांधतोय. त्याचा अंगठा आला. नुसता अंगठा.

३० ऑगस्ट, शनि.

घरात गणपती, आणि मी मोदकांचं सारण ढवळत कंपनीशी फोनवर. काम आठ सप्टेंबरपासून, तारीख पक्की. आईने पंचांग काढलं. आठ तारखेला पितृपंधरवडा लागतो.

'पितरांच्या दिवसांत जमीन खणणार?'

मि. म्हणाला, 'आई, बाबा असते तर त्यांनी स्वतः सिमेंट कालवलं असतं.' आई हसली, पण पंचांग मिटलं नाही. तिचं न मिटलेलं पंचांग म्हणजे काय ते मी पन्नास वर्षं ओळखून आहे.

परत फोन. पलीकडची बाई म्हणाली, 'इज इट अ रिलिजस थिंग?' म्हटलं, सॉर्ट ऑफ. आता एकदम ऑक्टोबरच्या मध्यावर. उन्हाळ्यातलं काम पावसाळी हवेत ढकललं आम्ही. माझंच चुकलं का? नाही म्हटलं असतं तर खोलीच्या पायातच तिची नाराजी पुरली असती. पण म्हणून ऑक्टोबर. चिडचिड नुसती.

१३ ऑक्टो., सोम.

अखेर सुरुवात. सुट्टी टाकली. डॅरेन नावाचा बिल्डर, सोबत जमीन खणायचा एक छोटा डिगर. त्याने पहिल्या तासात मागच्या दाराबाहेरची सिमेंटची पायरी फोडली. आता किचनचं दार उघडलं की खाली खड्डा. त्यावर तात्पुरती फळी टाकली.

अकराला चहा केला. फळीवर उभ्या डॅरेनला दारातून कप द्यायला गेले तर मागून आई: 'उंबऱ्यावरून देऊ नये काही. आत बोलव त्याला.'

'आई, त्याचे बूट बघ.'

'मग पूस नंतर.'

डॅरेन आत आला. माझ्या किचनभर चिखल. त्याने दोन कप चहा आणि आईच्या हातच्या चार चकल्या खाल्ल्या, तिला 'मम' म्हणाला. आई खूश. मी फरशी पुसली.

१६ ऑक्टो., गुरु.

खड्ड्यात ड्रेनचा पाइप सापडला. नकाशात तो शेजाऱ्यांकडून जातो म्हणे, प्रत्यक्षात आमच्या खोलीच्या बरोबर मधून. त्यावर बांधायचं तर पाणी कंपनीची परवानगी. डॅरेन डोकं खाजवत म्हणाला, 'कपल ऑफ वीक्स, लव्ह.' मी त्याची लव्ह नाही.

डिगर गेला. फळी राहिली.

२२ ऑक्टो., बुध. दिवाळी पाडवा

मागे खड्डा, त्यात पाणी. पणत्या पुढच्या दारातच लावल्या. मि.ला ओवाळलं, त्याने पाकीट घातलं, आईने दोघांना साखर दिली. फराळाला बोलावलेल्या सगळ्यांना मि. खड्डा दाखवत होता, 'ही आमची कॉन्झर्व्हेटरी. स्विमिंग पूलचा पर्यायही ओपन आहे.' सगळे हसले. मी आत जाऊन करंज्या काढल्या. एकाच घरात राहून एकाला हसू येतं आणि दुसऱ्याला रडू, याला काय म्हणावं.

शेखर व्हिडिओवर होता. 'झाली का खोली?' मुद्दाम विचारतो.

१९ नोव्हें., बुध.

परवानगी नाही. फोन केला की 'इट्स इन द क्यू'. कंपनी पाणीवाल्यांकडे बोट दाखवते, पाणीवाले कंपनीकडे. डॅरेन फोन उचलत नाही. उचलला तर 'मंडे, फर्स्ट थिंग.' कुठला मंडे ते सांगत नाही.

आज सुट्टी होती म्हणून दिवसभर आईला बघितलं. सकाळी ऊन आलंच तर पहिल्यांदा जिन्याच्या तळाशी येतं, हातरुमालाएवढं. ती खुर्ची ओढत तिथे. मग ते सरकून पुढच्या खोलीत. ती तिथे. मग किचनच्या मागच्या दाराच्या काचेतून थोडं, टेबलाच्या पायापाशी. ती तिथे. तीनला सगळं संपलं. खुर्ची जागेवर ठेवली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, 'आजचं झालं.'

शेखरच्या गच्चीत तिला खुर्ची हलवावी लागणार नाही. हे मला माहीत आहे. म्हणूनच तर एवढा राग येतो.

९ डिसें., मंगळ.

आई पडली.

रोज सकाळी पोळीचा तुकडा चुरून पाखरांना टाकते. मागच्या दाराला हात लावू नकोस म्हणून बजावलं होतं, किल्ली वर ठेवली होती. तिने स्टुलावर चढून काढली. त्र्याऐंशीव्या वर्षी स्टुलावर. फळीवर बर्फ होतं.

मी हॉस्पिटलात ड्यूटीवर, मला वॉर्डातच फोन आला. मी वरच्या मजल्यावर औषधांच्या चार्टवर सह्या करतेय आणि आई खाली कॅज्युअल्टीत. डाव्या गुडघ्याखाली हाडाला चीर, मनगट सुजलेलं. ऑपरेशन नको म्हणाले. नशीब म्हणायचं.

ट्रॉलीवर पडल्या पडल्या मला म्हणाली, 'पोळी टाकायची राहिली बघ.'

मी बाहेर जाऊन रडले. तिच्यासाठी खोली करायला निघाले आणि त्याच खोलीच्या खड्ड्यात तिला पाडलं.

१५ डिसें., सोम.

आई घरी. वॉकर दिलाय. पुढच्या खोलीत पलंग लावला. फिजिओथेरपिस्ट मुलगी चांगली आहे, शिकवून गेली: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. आई मान डोलावते, करत नाही.

कंपनीला फोन. म्हटलं, दार बदला, ते सपाट पट्टीचं द्या. आईला आता पाय उचलता येत नाही. 'आय'म अफ्रेड युअर फ्रेम्स आर ऑलरेडी मेड.' मापाप्रमाणे बनवलेल्या, बदलता येत नाहीत. नवं दार हवं तर नवी ऑर्डर, मे-जूनमध्ये. मे-जून.

म्हटलं, खड्डा तसाच आहे, पण फ्रेम्स तयार? हो म्हणे, त्या वेगळ्या डिपार्टमेंटच्या.

मी फोनवर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा इंग्रजीत ओरडले. मि. दारात येऊन उभा राहिला आणि गुपचूप परत गेला.

१४ जाने., बुध. संक्रांत

आईने पलंगावर बसून तिळाचे लाडू वळले. एका हाताने. मी केलेला पाक कच्चा होता, ते सांगून झालं. मला लाडू देताना म्हणाली, 'तिळगूळ घे आणि एक ऐक. शेखरने तिकीट काढलंय. एकवीस मार्च. मी हो म्हटलंय.'

मला न विचारता?

'तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.'

'मग?'

'मग मला तुझ्याशी भांडावं लागलं असतं. आता ताकद नाही गं.'

गोड बोलायचा दिवस. लाडू तोंडात टाकला. लाडू कच्च्या पाकाचा, पण चांगला झाला होता.

खरं लिहायचं तर मला ती इथे हवी ती तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी. लेक रेवा लीड्सला गेल्यापासून घरात मला 'जेवलीस का' विचारणारं तेवढं एकच माणूस आहे. मि. विचारतो, 'जेवण झालंय का.' त्यात फरक आहे.

३० जाने., शुक्र.

परवानगी आली. डॅरेन आला. काँक्रीट ओतलं, मग पाऊस, मग ताडपत्री. बुटकी भिंत उभी राहिली. विटा घराच्या विटांशी जुळत नाहीत. 'दे'ल वेदर इन,' म्हणतो, म्हणजे ऊनपावसाने जुळतील. कधी? आई जाईल तोवर?

त्याला तिच्या पडण्याचं सांगितलं. फळीकडे बघत राहिला. 'शुड हॅव डन अ प्रॉपर स्टेप,' म्हणाला. मग आत जाऊन पुढच्या खोलीच्या दारातून आईला हात हलवला. आईने त्याला चकल्या नाहीत म्हणून चिवडा द्यायला लावला. मला त्याच्यावर धड रागावूही देत नाही ही बाई.

१२ फेब्रु., गुरु.

फ्रेम्स लागल्या. सहा महिने काही नाही आणि मग दोन दिवसांत अख्खी खोली. पांढरीशुभ्र, आरपार. दुपारी ढग सरले आणि ऊन आलं ते भिंतीपासून भिंतीपर्यंत. मी उभी राहून बघितलं. पाहिजे होतं ते हेच.

आणि मध्ये तो उंबरा. किचनच्या बाजूने चार बोटं उंच, पलीकडे जमीन आणखी खाली. पांढरा, गुळगुळीत, पक्का. मीच मागवलेला.

आईला वॉकरसकट किचनपर्यंत आणलं. तिने बघितलं. उन्हाकडे आधी, मग उंबऱ्याकडे.

'छान झालीय गं.'

वॉकरचे पुढचे पाय उंबऱ्याला टेकले आणि ती थांबली. मी म्हटलं, आई, उंबऱ्यावर पाय ठेव, मग पलीकडे उतर, मी धरते. तिने माझ्याकडे बघितलं, मी शाळेत होते तेव्हा बघायची तसं.

'उंबऱ्यावर पाय देऊ?'

'अगं प्लास्टिकचा आहे तो.'

'मग हळदकुंकू कशाला वाहायचं होतं मी?'

वॉकर वळवला. किचनच्या टेबलाशी बसली. तिथे आता पूर्वी यायचं तेवढंही ऊन येत नाही, नव्या छपराच्या पट्ट्यांची सावली पडते.

मी पुढच्या खोलीत जाऊन उशीवर डोकं आपटलं.

२५ फेब्रु., बुध.

कौन्सिलकडून ऑक्युपेशनल थेरपीची बाई आली. रॅम्प सुचवला. उताराचा हिशोब केला तर रॅम्प गॅसच्या शेगडीपर्यंत येतो. मग मी स्वयंपाक कुठे करू, रॅम्पवर? मि. गंभीरपणे म्हणाला, 'इंडक्शन घेऊ.' त्याला वाटलं तो मदत करतोय.

आईचं म्हणणं वेगळंच. 'उंबऱ्यावरून हातगाडी नेतात तशी मी नाही जाणार.'

कंपनीचं पत्र आलं: काम पूर्ण झाल्याबद्दल अभिनंदन, आम्हाला पाच तारे द्या.

८ मार्च, रवि.

शेखर आला. आल्या आल्या खोलीत गेला, हात मागे बांधून फिरला, काचेवर टकटक केलं. 'मस्त झालीय ताई.' मग उंबऱ्याकडे बघितलं, आईच्या वॉकरकडे बघितलं, आणि काही बोलला नाही. त्यापेक्षा बोलला असता तर बरं. मी म्हटलं, बोल ना.

'काय बोलू?'

'की ताईने खोली बांधली आणि आईला बाहेर ठेवलं.'

'मी असं म्हणालो?'

नाही म्हणाला. मीच म्हणाले.

त्याची बॅग उघडली तर निम्मी रिकामी. आईच्या सामानासाठी.

११ मार्च, बुध.

रेवाचा फोन, तिच्या हॉस्पिटलच्या कँटीनमधून, तोंडात सँडविच. 'आई, तू आणि शेखरमामा दोघं भांडते. पण आजीला विचारला का कोणी? प्रॉपर? तिला जायचा आहे की नाही?'

म्हटलं, तिने हो म्हटलंय.

'हो म्हणजे काय? ती तर डॉक्टरला पण हो म्हणते.'

पोरीचं मराठी मोडकं, पण बोलली ते काही चूक नव्हतं. फोन ठेवून आईकडे गेले. ती साड्या वेगळ्या काढत होती, पुण्याला न्यायच्या आणि इथे ठेवायच्या. ठेवायच्या जास्त होत्या. इथे कशाला ठेवायच्या, हे विचारायचं होतं. विचारलं, 'चहा ठेवू का?'

भित्री आहे मी. वॉर्डात कन्सल्टंटना सुनावते, आणि इथे चहा.

१७ मार्च, मंगळ.

शिफ्ट लवकर संपली. घरी आले तर किचनमध्ये आई ओट्याला धरून उभी, एकटी. डावा पाय उचलतेय. वर, थांबते, खाली. वर, थांबते, खाली. ओठ घट्ट. ओट्याखाली तिने पोळपाट उभा लावून ठेवला होता, त्याच्या कडेएवढा पाय वर आला की खाली.

मी कोट न काढता पॅसेजमध्येच उभी राहिले. फिजिओ मुलीच्या समोर एकदाही केलं नाही हे. मुद्दाम किल्ली वाजवली, मग आत गेले. ती पोळपाट पुसत होती.

'पोळ्या करत होतीस?'

'हो,' म्हणाली. कणकेचा डबा बंद होता.

काय करतेय ती? विमानात चढायची तयारी, की?

मि.ला सांगितलं. तो म्हणाला, 'विचारू नकोस. बघ नुसती.' आज पहिल्यांदा त्याचं पटलं.

१९ मार्च, गुरु. गुढीपाडवा

सुट्टी टाकली. सकाळी लख्ख ऊन. इथे मार्चमध्ये असं ऊन म्हणजे लॉटरी. गुढी कुठे उभारायची, तर शेखर म्हणाला, 'ताई, तुझ्या खोलीत उभारू की. चांगली पूर्वेची काच आहे.' तुझ्या खोलीत म्हणाला. 

मि.ने पडद्याचा रॉड आणला, आईची जरीची साडी, तांब्या. कडुनिंब लेस्टरच्या दुकानातून आणलेला, दोन दिवस फ्रीजमध्ये. गाठी शेखरने पुण्याहून आणलेली, एका बाजूला फुटलेली. गुढी उभी राहिली. पूजा करायची घरातल्या मोठ्या माणसाने. मोठं माणूस उंबऱ्याच्या अलीकडे, वॉकरला धरून.

शेखर म्हणाला, 'आई, उचलून नेतो तुला. दोन मिनिटांचं काम.'

'उचलून नेलं तर मी पाहुणी झाले.'

मी म्हटलं, 'मग इथूनच कर ना पूजा. ताट मी नेते.'

'तू गप्प बस. मिलिंदराव, तुम्ही तो वॉकर पलीकडे ठेवा. बाकी कोणी हात लावायचा नाही.'

मि.ने जावयासारखा नाही, शिपायासारखा वॉकर पलीकडे नेऊन ठेवला. आईने दाराच्या दोन्ही बाजूंच्या चौकटी धरल्या. डावा पाय आधी. उतरताना दुखरा आधी. म्हणजे फिजिओ मुलीचं सगळं ऐकत होती तर. पाय उचलला. उंबऱ्याच्या वर आला, तसाच थांबला, थरथरला. माझा हात आपोआप पुढे गेला तर मि.ने माझं मनगट धरलं. पाय पलीकडे टेकला.

आता एक पाय किचनमध्ये, एक खोलीत. तिथे ती किती वेळ उभी राहिली मला माहीत नाही. श्वास घेत होती. म्हणाली, 'घाई नको कोणाला.' मग उजवा पाय उचलला. आला. उंबऱ्याला बोटही लागलं नाही.

शेखर चष्मा पुसत होता. मी उघड रडत होते. ती वॉकर धरून गुढीपाशी गेली आणि मला म्हणाली, 'हळद कुठाय? ताटात कुंकूच आहे नुसतं.'

पूजा झाली. मग वेताच्या खुर्चीत बसली, त्या अख्ख्या उन्हात, पदर सोडून. श्रीखंड पुरी तिथेच नेली. जेवली आणि झोपली. ऊन सरकलं तरी तिच्या अंगावरून गेलं नाही, खोलीच तेवढी आहे. खुर्ची हलवावी लागली नाही.

दुपारी जागी झाली तर नवा पेच. परत यायचं कसं? तिकडून उंबरा उंच, चढायला जमेना. एकदा पाय उचलून बघितला, ठेवला. मि. म्हणाला, 'बागेकडच्या दाराने बाहेर काढून पुढच्या दाराने आणू, तिथे धरायला बार आहे.' आई म्हणाली, 'आणाल सावकाश. मला कुठे जायचंय?'

हे म्हणाली आणि शेखरने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. आईने गुढीकडे.

शेखरने विषय काढलाच. 'आई, परवा शनिवार आहे.'

'पंचांग मी बघितलंय,' म्हणाली. 

मी चहा केला. दारात उभी राहून कप पुढे केला. सवय. तिने हात मागे घेतला.

'उंबऱ्यावरून देऊ नकोस. आत ये.'

एवढ्या दिवसांत मी त्या खोलीत एकदाही बसले नव्हते. पुसली, बघितली, शिव्या दिल्या, पण बसले नव्हते. पलीकडे गेले. तिने पायानेच दुसरी खुर्ची माझ्याकडे सरकवली. दुखऱ्या पायाने.

'जेवलीस का नीट? सगळ्यांना वाढत होतीस.'

हे तिथूनच लिहितेय. आईचा पुन्हा डोळा लागलाय. गुढी उतरवायची आहे थोड्या वेळात. ऊब जाते म्हणून मधलं दार लावून घेतलंय. काचेपलीकडे किचनमध्ये शेखर फोनवर बोलतोय, एका हाताने कपाळ चोळत. एअरलाइनशी बोलतोय की बायकोशी, इथे ऐकू येत नाही.